काकीचं दार

मी एसी दुरुस्तीचा धंदा करतो. आवाज आला की त्याला कारण असतंच, हे माझं रोजचं वाक्य. भूत-बित या विषयावर मी लोकांची यथेच्छ टिंगल केलेली आहे, त्यामुळे आता तुम्ही माझी केलीत तरी चालेल...

आम्ही घणसोली गावातले. मला काकीनं वाढवलं. काका फौजेत होते, एकाहत्तरच्या लढाईत गेले ते गेलेच. ना माणूस आला, ना देह. काकीच्या हातात आजही हिरवा चुडा आहे, आणि ती दाराला आतून कडी लावत नाही. ‘‘फौजी मानूस, दार बंद दिसला तं परत फिरंल,’’ म्हणते. चोराचं टेन्शन तिला कधीच नव्हतं.

माझी मुलगी सई सहावीत आहे आणि लढायांच्या पार नादी लागलेली. सुट्टी लागली की किल्ला नाहीतर रणगाड्यांचं म्युझियम. या दिवाळीत हट्टानं राजस्थानच्या सरहद्दीवर नेलं, तिथल्या युद्धस्मारकावर. काकीला मी फक्त ‘‘फिरायला चाललोय’’ एवढंच सांगितलं. तिथल्या मेलेल्यांच्या नावांच्या भिंतीवर काकांचं नाव आहे, हे तिला कळू द्यायचं नव्हतं. तेवढ्या आशेवर तर ती जगत होती.

भरदुपार. आजूबाजूला सगळी सपाट वाळू, आम्ही दोघंच. सईची सवय अशी की भिंतीवरची नावं मोठ्यानं वाचायची. काकांचं नाव आलं तशी थांबली.

‘‘पप्पा, हे ओ का देत नाहीत?’’

मी आपली चेष्टा केली. ‘‘एका हाकेला ओ द्यायची नसते, काकीनंच शिकवलंय ना? तीन हाका लागतात.’’ आमच्या गावात तसं मानतात. भुताला म्हणे तीन हाका मारता येत नाहीत.

पोरीनं ते खरंच मनावर घेतलं.

‘‘काशिनाथ आजोबा, घरी चला!’’

एकदा. दोनदा. आणि माझ्या लक्षात आलं, की या माणसाला नावानं हाक मारणारं आमच्या घरात कोणी उरलंच नव्हतं. काकी नवऱ्याचं नाव घेत नाही, मी काका म्हणतो. सईनं तिसरी हाक मारली.

‘‘ओ...’’

आमच्या पाठीमागून. दमलेला, पण स्पष्ट. मी वळून बघितलं तर कोणी नाही. सईनं माझा हात घट्ट धरला होता, म्हणजे तिनंही ऐकलं होतं. यातलं घरी एक अक्षर बोलायचं नाही, असं मी तिला बजावलं — आणि काकीला फोनही केला नाही.

परत आलो तर दाराला आतून कडी! जन्मात पहिल्यांदा मी माझ्याच घराचं दार वाजवलं. काकीनं उघडलं. ठसठशीत कुंकू, चुडा तसाच.

‘‘काकी, कडी का लावलीस?’’

‘‘आता कोन येवाचा बाकी हाय?’’

मग तिनं सईला जवळ घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. ‘‘पोरी, आजोबांना येवढ्या जोरान हाक नको मारू. दचकले ते.’’

सई शपथेवर सांगते, तिनं काही सांगितलेलं नाही. काकी दुपारी आतल्या खोलीत हळू आवाजात बोलत असते, मध्येच हसते. मी तिला विचारू शकतो... पण विचारत नाही. ती खरं सांगेल, याचीच मला भीती वाटते.