टेनिसच्या कारकिर्दीची वजाबाकी

टोकियोत निशी-कसाईला आमच्या इमारतीमागे टेनिसचं कोर्ट होतं. तिथे माझ्या मुलीला शिकवणारी बाई स्लोव्हाकियाची होती. एकेकाळची व्यावसायिक खेळाडू, वय तेहतीस, उंची माझ्यापेक्षा एकवीस सेंटिमीटर जास्त. तेव्हा आमच्या भागात आयटीवाल्यांची घरं भराभर वाढत होती. नवऱ्याबरोबर मला येऊन आठ महिने झाले होते. पुण्यात जपानी शिकून आले होते, म्हणून या बाईने मला गाठलं.

तिचा करार मार्चअखेर संपत होता. दुसरं काम मिळालं नाही तर जपान सोडावं लागणार होतं. उरायासुच्या एका टेनिस शाळेने रिरेकिशो मागितला होता. म्हणजे हाताने भरायचा बायोडेटा: वर्ष, महिना, काय केलं. वर्षं सम्राटाच्या राजवटीची, हेसेई अमुक असं लिहायचं. आणि एक अक्षर चुकलं की खाडाखोड चालत नाही, नवा कागद घ्यायचा.

मी तिला घरी बोलावलं, पोहे केले. तिने त्यावर दही घेतलं. मी कागद-पेन घेतलं.

“किती सामने जिंकलीस?”

“आठवत नाही.”

“आणि हरलीस?”

“तेही आठवत नाही. हरलं की दुसऱ्या दिवशी ट्रेन पकडायची, एवढं आठवतं.”

असं कसं चालेल? तिच्या आईने वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवून ठेवलेली वही मी मागवून घेतली. बहुतेक स्पर्धांत ती पात्रता फेरीतच बाद झाली होती. रॅकेटच्या तारा स्वतः ओढायच्या, कपडे बेसिनमध्ये धुवायचे, पुढच्या गावी जायचं. सुरुवातीला नावापुढे चेकोस्लोव्हाकिया होतं, १९९३ पासून स्लोव्हाकिया.

“घर तेच, गल्ली तीच,” ती म्हणाली, “देश मात्र दोन झाले.”

मी वर्षवार तक्ता केला. पराभवही घातले. ती नको म्हणत होती, पण अर्धा आकडा मला लिहवत नाही. मग तिने माझ्या कच्च्या प्रतीवरून एकेक जपानी अक्षर चित्रासारखं काढलं. चौथा कागद बिनचूक उतरला. आम्हाला तसं वाटलं.

मुलाखतीला मी दुभाषी म्हणून गेले. शाळेचे प्रमुख सत्तरीचे. ते बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत होते. एका ओळीवर बोट थांबलं.

“हेसेई चार. स्लोव्हाकिया?”

“हो,” मी म्हटलं.

“त्या वर्षी हा देश झालेला नव्हता, असं मला आठवतं.”

त्यांनी आम्ही नेलेली कात्रणांची वही शेजारी ओढली. कात्रणावर १९९५, कागदावर हेसेई सहा, म्हणजे १९९४. पुढचं पान, तसंच. सगळी कारकीर्द एक वर्ष सरकलेली. त्यांनी चष्मा काढला. ही बाई जे सांगते ते खेळली तरी होती का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण खोलीत तो होता. ती माझ्याकडे बघत होती. तिला जपानी कळलं नव्हतं, माझा चेहरा कळला होता.

“चूक माझी आहे,” मी उठून, वाकून सांगितलं. “हेसेई १९८९ ला सुरू झालं, म्हणून मी प्रत्येक वर्षातून १९८९ वजा केले. १९८८ करायला हवे होते.”

“का पण?”

“आमच्याकडे मूल जन्मतं तेव्हा शून्य वर्षाचं असतं. पहिला वाढदिवस वर्षाने येतो.”

“सम्राट गादीवर बसतो तेच पहिलं वर्ष,” ते म्हणाले. मग खो खो हसले. “इतके पराभव लिहून आणणारी माणसं खोटं कशाला लिहितील? शनिवारपर्यंत नवा कागद आणा. वजाबाकी मात्र हिलाच करू द्या.”

निशी-कसाईपर्यंत दोनच स्टेशनं. पहिलं गेल्यावर तिने विचारलं.

“तू बँकेत होतीस ना?”

“अकरा वर्षं.”

“ती बँक अजून आहे?”

मी तिला तीन कोरे कागद घेऊन दिले. तिने माझ्याच टेबलावर बसून, बोटांवर वर्षं मोजत लिहिलं. मला स्वयंपाकघरातून बाहेर यायची परवानगी नव्हती. शनिवारी तिने कागद स्वतः नेऊन दिला.

पुढचे नऊ दिवस काहीच आलं नाही. तिने बॅग काढून ठेवली. कोर्टावर भेटली की मी विषय टाळायचे आणि ती मला मुद्दाम तारीख विचारायची. दहाव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

“घेतलं! एप्रिलपासून. आठवड्याला चार वर्ग, दीड दीड तासांचे.”

“अगं वा! म्हणजे महिन्याला...”

“थांब,” ती म्हणाली. “तू काही मोजू नकोस.”