आतोबांची लाल दोरी

उभ्या खानदेशात बर्फाला घाबरणारा एकच माणूस होता आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा निघाला. पारोळ्यात उन्हाळ्यात पत्र्यावर पापड भाजावेत असे ऊन, आणि आमचे आतोबा भेटेल त्याला बर्फाचा कडा केव्हा सुटून अंगावर कोसळतो, हे समजावून सांगत. स्वातंत्र्यानंतर लगेच काश्मीरची लढाई झाली, तेव्हा ते खेचरांच्या पलटणीत होते. सगळा हिवाळा त्यांनी बर्फात काढला आणि तो हिवाळा डोक्यात घेऊनच परत आले. पुढे कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमी मिळाली, संसार मार्गी लागला, पण उतार दिसला की त्यांचे पाय आपोआप थांबत.

उतारावर दोघांनी एका वेळी जायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. एकाने जायचे, बाकीच्यांनी नजर ठेवायची, तो पलीकडे पोचला की दुसऱ्याने निघायचे. एकदा आम्ही सगळे एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीला गेलो. पायथ्याशी आतोबांनी सगळ्यांना थांबवले आणि एकेकाला वर सोडले. माझे वडील शेवटी वर पोचले, तोवर पहिली मंडळी दर्शन, जेवण आटोपून झाडाखाली घोरत होती. वडिलांनी फक्त आपल्या बहिणीकडे बघितले. ती तरी काय करणार? सुटीत आम्ही भाचरे गेलो की आतोबा भर दुपारी आम्हांला गाद्यांखाली निजवत आणि कवायत घेत. कडा अंगावर आला की आधी दोन्ही हात तोंडापुढे, श्वासाला जागा ठेवायची. आम्ही घामाने निथळत बाहेर आलो की आत्या कपाळावर हात मारून म्हणे, "बरफ आठे कोठे शे? आठे माठमा गार पानी नही."

पण खरा छळ लाल दोरीचा. बर्फाच्या उतारावर जाताना कमरेला लांब दोरी बांधून मागे सोडायची. माणूस गाडला गेला तरी हलकी दोरी वर राहते आणि तिच्या मागाने त्याला खणून काढता येते. आतोबांनी ही दोरी थेट जिनिंगमध्ये आणली. आवारात घराएवढ्या उंच कापसाच्या गंज्या लागत. मजूर सवयीने खालूनच कापूस ओढत, त्यामुळे वरचा भाग पुढे झुकलेला राही. आतोबांना त्यात काश्मीर दिसे. आत्याचे कुंकू संपवून त्यांनी सुतळ्या रंगवल्या आणि गंजीजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला बांधायला लावल्या. मोठेपणी मी तिथेच वजनकाट्यावर कारकून लागलो, तेव्हा मलाही शेपूट आले. आवारातली कुत्री आमच्यावर फार खूश असत. आतोबा स्वतः मात्र दोरी कधी बांधत नसत. मजूर मुद्दाम विचारत, "मुकादम, तुम्हनी दोरी कोठे शे?" ते नुसते म्हणत, "मन्ही ऱ्हाऊ द्या."

एका सकाळी मी कापसाची ओल बघायला मोठ्या गंजीपाशी गेलो आणि गंजी सुटली. आवाज काही झाला नाही, एकदम अंधार झाला. कापूस मऊ असतो असे म्हणणाऱ्याच्या अंगावर तो कधी पडलेला नसतो. हात मात्र आपसूक तोंडापुढे गेले. गाद्यांखालची ती कवायत अंगात मुरली होती. बाहेर काय झाले ते मला नंतर कळले. सगळे गंजीवर चढू लागले, तेव्हा आतोबांनी त्यांना शिव्या देऊन मागे हटवले, दोरीचे लाल टोक शोधले आणि तिच्या मागाने हातांनी कापूस उपसला. मला ओढून काढले तेव्हा मी नखशिखांत पांढरा होतो आणि आतोबा माझ्याहून पांढरे.

त्या दिवशी दोरीला कोणी हसले नाही. मी वाचलो म्हणून आत्याने शिरा केला, पण आतोबांनी ताटाला हात लावला नाही. ताट पुढे सारून ते म्हणाले, "तठे बरफमा आम्ही दोन जन व्हतूत, मी आनि मन्हा जोडीदार. दोरी एकच व्हती. ती मन्हा कंबरले व्हती."

इतक्या वर्षांत हे त्यांनी आत्यालाही सांगितले नव्हते. आम्ही मात्र त्यांना भित्रे म्हणून हसत आलो होतो.

आतोबा जाऊनही आता बरीच वर्षे झाली. त्यांची आठवण आली की मला गंजी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ दिसते. कामावर निघताना आत्याने त्यांना दारात अडवले, खुंटीवरची दोरी काढून त्यांच्या कमरेला बांधली आणि गाठ ओढून बघितली. आतोबा नाही म्हणाले नाहीत. गल्लीतून ते निघाले, मागे लाल शेपूट फरफटत होते, आणि त्याचे टोक वळणाआड जाईपर्यंत आत्या उंबऱ्यातून हलली नाही.