संपादकांची सुटी पानं

संपादक कागद आधी ऐकायचे. कुठलंही छापील पान हातात आलं की ते कानाशी नेऊन हलकेच हलवायचे आणि मगच डोळ्यांसमोर धरायचे. "हा खिळ्यांच्या छपाईच्या वेळचा, आवाज भरीव आहे," असं म्हणायचे, नाहीतर, "हा ऑफसेटवाला, नुसता फडफडतो." आणि ते बरोबर असायचं. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते रेशनकार्डापुरतंच उरलं होतं. वसईत मासळीवाल्या, रिक्षावाले, देवळातले पुजारी, चर्चचे फादर, सगळ्यांचे ते संपादकच. घरात त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकूही तेच म्हणायच्या, रागावल्या की हमखास.

घरची केळी आणि पानवेलींची वाडी धाकट्या भावावर सोपवून त्यांनी तीसेक वर्षं एक मासिक चालवलं. मासिक हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता, ते नुसतं 'अंक' म्हणायचे. अंकात राजकारण नसे, कविताही बेताच्याच. वाड्यांमधल्या बायकांची लग्नातली गाणी, चांदीपच्या एका शेतकरीण बाईंनी सांगितलेली भाताच्या जुन्या वाणांची नावं, कुठल्या विहिरीचं पाणी कधी खारं झालं त्याची हकीकत, असं सगळं. एकदा वाऱ्यांची नावं टिपायला ते पाचूबंदरला गेले. तिथला बोट चालवणारा म्हातारा तांडेल म्हणाला, "नावं लिवून न्या संपादक, पन वारा बगायचा तर बोटीवरच यायला लागंल." संपादक गेले, दिवसभर ओकले आणि लेखाखाली टीप छापली, 'वरीलपैकी दोन वारे संपादकांनी स्वतः सोसले आहेत.'

छापायला देण्याआधी प्रत्येक मजकूर ते काकूंना मोठ्याने वाचून दाखवायचे. काकूंना कळला नाही तर लेखक कितीही मोठा असो, वाक्य बदलायचं. "हिला कळलं नाही तर वसईला कळणार नाही," हा त्यांचा नियम. काकूंनी पुढे मला हसत हसत सांगितलं, "नाही कळलं म्हटलं की हे परत पहिल्यापासून वाचायचे गं. भाताची वेळ टळायची. मग मी आपली कळलं कळलं म्हणायची."

मी इथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल होते. अंकाची घसरण माझ्या टेबलावरूनच पाहिली. खिळ्यांचा छापखाना बंद पडला, खिळे शिशाच्या भावात गेले. मग ऑफसेट आलं, मग संगणक. अंक दिसायला देखणा होत गेला आणि हातात घेणारे कमी होत गेले. वाचणारं माणूस वारलं की त्या घरून पुढचा अंक परत यायचा. शेवटी कुणीतरी सुचवलं, फोनवर पीडीएफ पाठवा. वर्षभर तेही केलं. "बाई, पीडीएफ कुणी वाचत नाही हो," ते मला म्हणाले. "मिळाली की पुढे पाठवतात." त्यानंतर त्यांनी अंक बंद केला. निरोपाचं संपादकीयही लिहिलं नाही.

सगळे अंक ओळीने असलेला संच एकच उरला होता, त्यांच्या घरातल्या दोन पेट्यांमध्ये. छापखान्यातला पुरात गेला होता आणि आमच्या कॉलेजातला अर्धा वाळवीने खाल्ला होता. गाणी म्हणणाऱ्या बायका गेल्या होत्या, तांडेलही गेला होता. ते सगळे आता त्या पेट्यांतच होते. तेव्हा जुन्या मासिकांचं स्कॅनिंग करून देण्याची एक योजना आली आणि मी त्यांच्या मागे लागले. ते कचरत होते. मीच म्हटलं, "संपादक, माझ्यावर सोडा." त्यांनी सोडलं. पेट्या गेल्या. कंत्राटदाराचा फॉर्म चार पानांचा होता आणि त्याच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की यंत्रात घालण्यासाठी पृष्ठे सुटी करण्यात येतील. आयुष्यभर दुसऱ्यांना वाच वाच म्हणत आले आणि तो एक फॉर्म न वाचता मी सही केली.

पेट्यांऐवजी सहा पोती परत आली. अंकांची पाठ यंत्राने कापली होती. जाड मुखपृष्ठं यंत्रात अडकतात म्हणून ती फेकून दिली होती. गठ्ठे एकमेकांत मिसळले होते आणि स्कॅनच्या फाइलीही त्याच गोंधळात निघाल्या होत्या. महिना आणि वर्ष होतं ते फक्त मुखपृष्ठावर. आतल्या पानांच्या तळाशी अंकाचं नाव आणि महिना छापायची पद्धत असते, ती संपादकांनी पहिल्याच वर्षी मोडून टाकली होती. तेवढ्या ओळी वाचवल्या की वर्षाकाठी दोन गाणी जास्त बसतात, असा त्यांचा हिशेब. आता सतरा आकडा असलेली पानं साडेतीनशेच्या वर होती आणि कुठलं कुठल्या महिन्याचं, हे कागदावर कुठेच नव्हतं.

मी रडले. ते नाही रडले. "तुमचं काय चुकलं, बाई," म्हणाले, "कागदावर महिना मी घालायला हवा होता." हे ऐकण्यापेक्षा त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

मग रोज दुपारी ओटीवर बसून ते पानं लावू लागले. कानाशी धरून साल सांगायचे, दोन ओळी वाचून महिना. मी रविवारी जायची. दोन वर्षांत अकरा सालांची पानं जुळली. त्यानंतर त्यांची नजर गेली, तेव्हा मी वाचायची आणि ते सांगायचे. पुढे पुढे सांगायला वेळ लागू लागला. कधी एकच पान दोन वेगळ्या सालांत सांगायचे. मी काकूंकडे बघायची आणि काकू विळीवरची भाजी चिरत राहायच्या, मान वर करायच्या नाहीत.

गेल्या मार्चमध्ये एक पान निघालं. पाचूबंदरच्या वाऱ्यांचं. मला इतका आनंद झाला की मी ते सबंध वाचलं, बोटीवरच्या टिपेसकट. संपादक लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "चांगलं लिहिलंय. कुणाचं आहे?"

"तुमचंच की, संपादक."

"छे. मी कधी बोटीत नाही बसलो." मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, हळूच म्हणाले, "दुसऱ्या कुठल्या अंकातलं मिसळलं असेल हो. ज्याचं असेल त्याला परत पाठवा. तो शोधत असेल."

जूनमध्ये ते गेले. पोती आता माझ्या घरी आहेत, आणि ते पान कुठल्या सालात ठेवायचं ते मला माहीत नाही.