पाव्हण्यांसाठी चार वाक्यं

आमच्या दादाला चार वाक्यं येत होती. तसं त्याला बोलता पुष्कळ यायचं, बैलांशी तर तो दिवसभर बोलायचा. पण चार माणसांत बोलण्याजोगी चारच, आणि तीही आईनं घोकून घेतलेली. "जयभीम पाव्हणं, बसा." "येतानी तकलीफ न्हाई ना झाली?" "पाणी घ्या." आणि शेवटी, गडी कामाचा आहे हे पाव्हण्यांच्या मनावर ठसावं म्हणून, "मी जरा बैलं पाहून येतो." एवढं बोलून दादा मागच्या दारानं गोठ्यात जायचा. तिथं आई त्याच्या हातावर पेढा ठेवायची.

दादा माझ्याहून मोठा. लहानपणी आलेल्या तापानंतर त्याचं अंग तेवढं वाढलं, समज लेकराचीच राहिली. हे साऱ्या गावाला माहीत, आमच्या म्हशीला माहीत. फक्त पाव्हण्यांना कळता कामा नये. येड्याच्या घरातली पोरगी कोण करून नेणार? म्हणून नव्वदच्या सुमाराला, वारंगा फाट्याजवळच्या आमच्या खेड्यात, पोरगी पाहायला कुणी आलं की आधी दादाचा खेळ व्हायचा आणि मग पोहे यायचे. "आमचं पोरगं मोजकंच बोलतं," आई वर तोंड करून सांगायची. माझ्या दोन्ही बहिणी या चार वाक्यांच्या जोरावर उजवल्या गेल्या.

माझ्या वेळी एका आगाऊ पाव्हण्याला पाचवं वाक्य ऐकायची हौस आली. "औंदा काय पेरलं?" त्यानं विचारलं. दादानं जरा विचार केला आणि म्हणाला, "पाणी घ्या." पाव्हण्यांनी पाणी घेतलं आणि चालते झाले. बातमी आमच्याआधी सगळ्या सोयऱ्यांत पोचली. मी अंगणवाडीत नोकरी धरली, आणि सासूची बोलणी खाण्याचं सुख काही माझ्या नशिबी आलं नाही.

पुढं वडील गेले. सातबाऱ्यावर आमच्यासोबत दादाचंही नाव चढलं आणि आमच्या चुलतभावाला बंधुप्रेमाचे उमाळे फुटू लागले. जन्मभर दादाला 'ए येड्या' म्हणून हाक मारणारा हा माणूस एकाएकी त्याला मोटारसायकलवर बसवून कळमनुरीला जिलेबी खायला नेऊ लागला. एकदा दादा परत आला तो तोंडाला पाक आणि अंगठ्याला शाई घेऊन. त्याच्या वाट्याच्या शेताचा दस्त लिहून झाला होता, अंगठाही उमटला होता. नोंदणीचे साहेब रजेवर होते म्हणून शेत वाचलं. सरकारी रजेची महती मला त्या दिवशी पटली.

आई मात्र त्या दिवसापासून एकच बोलायची. "मी गेल्यावर याला कोण गोठ्यात तरी राहू देईल का गं?"

वकील म्हणाले, कायदेशीर पालक नेमून घ्या, मग पालकाला सोडून कुणालाही त्याचा अंगठा घेता येणार नाही. तोवर हिंगोली जिल्हा झाला होता आणि अशा कामांसाठी तिथं एक समिती बसत होती. मी अर्ज केला. केस पिकायला लागलेल्या थोरल्या भावाचं पालक व्हायचं, आणि त्यासाठी इतकी वर्षं जे झाकून ठेवलं तेच पुराव्यासकट मांडायचं. चुलतभावाची हरकत आलीच. माझा भाऊ पूर्ण शहाणा आहे, त्याला अजाण ठरवणं हा त्याचा अपमान आहे, असं त्याचं म्हणणं. त्याला दादाच्या मानापमानाची एवढी काळजी, हे ऐकून मला गहिवरून आलं.

निघताना मी आईला बजावलं होतं की याला काही शिकवू नको. तिनं शिकवलं नाही. फक्त केसांना तेल लावलं आणि चांगलं दिसावं म्हणून पांढरा सदरा अंगात घातला. तो सदरा पाव्हणे आले तरच पेटीतून निघायचा, हे ना तिच्या ध्यानात आलं ना माझ्या.

समितीत एक साहेब होते, एका संस्थेच्या बाई होत्या आणि कुबडी घेऊन चालणारे एक वयस्क गृहस्थ. दादा आत गेला आणि ताठ उभा राहिला.

"जयभीम पाव्हणं, बसा."

साहेब बसलेलेच होते, तरी सावरून बसले.

"येतानी तकलीफ न्हाई ना झाली?"

"नाही, नाही. अजिबात नाही," साहेब हसून म्हणाले.

"पाणी घ्या."

समोर ग्लास होता. साहेबांनी तो उचलून घोटभर पाणी घेतलंही, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, हे तर छान बोलतात."

"मी तेच तर सांगून राहिलो, साहेब," चुलतभाऊ म्हणाला. त्याचा चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. आईनं लेकींसाठी उभं केलेलं सोंग आता तिच्याच लेकाचं शेत घेऊन चाललं होतं.

तेवढ्यात दादा म्हणाला, "मी जरा बैलं पाहून येतो," आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीतून निघून गेला.

साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं. खाली जीपगाड्या होत्या. कुबडीवाल्या गृहस्थांनी दादाला परत बोलावलं आणि जवळ घेऊन विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी कोण कोण असतं?" दादानं त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "जयभीम पाव्हणं, बसा."

"हे यांना कुणी शिकवलं?" बाईंनी हळूच विचारलं.

"आईनं," मी म्हणाले. "आमची लग्नं व्हावी म्हणून."

मग मला रडू आलं, आणि परक्यांपुढं जे कधी बोलायचं नव्हतं ते सगळं मी बोलले. त्याला वाट कळत नाही, व्यवहार कळत नाही, जिलेबी देईल त्याच्या मागं तो जातो. दादा शेजारी उभा राहून ऐकत होता. चुलतभावाला परतीच्या एसटीची आठवण झाली.

पालक म्हणून मला नेमायचं ठरलं. मी डोळे पुसून बाहेर आले तेव्हा दादा व्हरांड्यात कठड्याशी उभा होता. वाक्य तर एकही चुकलं नव्हतं, आणि तरी मागच्या दारी आई नव्हती.

"पाव्हण्याला पोरगी पसंत पडली का?" त्यानं विचारलं.

"पडली, दादा."

"कुठं दिली?"

"घरातच दिली," मी म्हणाले. "तुझ्याकडं."

त्यानं जरा विचार केला, आणि पेढ्यासाठी हात पुढं केला.