मल्लेशअण्णांचा माग

१९७४ सालातला तो दिवस. मी बत्तीस वर्षांचा होतो आणि त्याच दिवशी चादरीच्या कारखान्याचा मॅनेजर झालो होतो. शाळा चौथीपर्यंत, पण मागातलं मला सगळं कळायचं.

परवा आमच्या ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझा सत्कार झाला. खांद्यावर नवी चादर पडली, खळीचा वास नाकात शिरला आणि तो दिवस समोर उभा राहिला.

मला विणायला शिकवणारे मल्लेशअण्णा तुटलेला धागा शोधत वाकले होते. बोटं नुसती चाचपडत होती. सगळे माग खडखडत होते, त्यांचाच बंद. तेवढ्यात मालक दारात आले. मी पुढं झालो, झटक्यात गाठ मारली आणि माग चालू केला. विणकर समोर असताना त्याच्या मागाला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो, हे मला अण्णांनीच शिकवलं होतं.

"मॅनेजर झालास म्हणून माझ्या मागाला हात लावतोस व्हय?" अण्णा म्हणाले. "म्हातारा आंधळा झाला, असं वरडून सांग की सगळ्यांना!"

डबा उचलून ते निघून गेले. तेव्हा वाटलं, मी त्यांची नोकरी वाचवली. आज कळतं, मला मालकापुढं माझा हात किती सराईत आहे ते दाखवायचं होतं.

माफी मागणं मला तेव्हाही जमत नव्हतं, आताही जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात सांगितलं, अण्णांच्या मागावर कुणी बसायचं नाही. मग सायकल त्यांच्या दारात नेली, म्हणालो, "बसा क्यारेजवर," आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो.