न मारलेल्या घावाचा आवाज

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी वखारीत बसू देत नाही. ज्याच्याकडे विकायला माल नसतो तो असल्या गोष्टी विकतो, हे माझं मत आजही आहे. म्हणून हे लिहिताना माझा मलाच संताप येतोय...

कल्याणात खाडीलगत माझी सागवानाची वखार आहे. वडिलोपार्जित नव्हे, स्वतः ओंडके वाहून उभी केलेली. माझा कान ठाण्यापर्यंत प्रसिद्ध. तुळईच्या एका टोकाला कान लावायचा, दुसऱ्या टोकावर हातोडीचा हलका घाव घालायला सांगायचा - आत कीड असो, चीर असो, मी बिनचूक ओळखणार. ही विद्या मी एकालाच दिली, माझा मावसभाऊ वामन याला. ती घेऊन त्याने काय केलं? मुंबईहून विलायती लोखंडी गर्डर आणले आणि ठाण्यात माझ्याच गिऱ्हाइकांना विकू लागला! दिसायला देखणा, बोलायला गोड. लोक त्याच्याकडे नुसते गप्पांना जातात. माझ्याकडे कोणी कामाशिवाय फिरकत नाही.

ठाण्यात टेंभीजवळ पास्कूबाबा म्हणून एक ख्रिस्ती शेतकरी घर बांधत होते. माझ्या तुळया ठरल्यातच जमा होत्या. तेवढ्यात वामनने गर्डर पुढे केला. पास्कूबाबांनी मलाच बोलावलं.

"तुजा कान खोटा नाय बोलत. तूच सांग, ह्यो लोखंड घेऊ का नको?"

भर दुपार, उघडं आवार, दोन ओंडक्यांवर गर्डर आडवा ठेवलेला. बघायला शेजारपाजारही जमलेला. वामन्या, आज सापडलास, मी मनात म्हटलं. केसाएवढी चीर मिळू दे फक्त...

कान लावला. ठण्ण! कान तसाच ठेवून डोळे वळवले, तर वामनची हातोडी अजून हवेतच. मग ती खाली आली, लोखंडावर पडली - आणि कानात काहीच आलं नाही. आवाज आधीच येऊन गेला होता.

"पुन्हा मार रे."

पुन्हा तेच. आवाज आधी, घाव नंतर.

"आता तू लाव कान," मी म्हटलं. हातोडी घेतली, खांद्यापर्यंत उगारली आणि मुद्दामच थांबलो. वामनने चटका बसावा तशी मान मागे घेतली. मी नीट पाहिलं. पण दुसऱ्याच क्षणी तो हसला.

"मारा की अण्णा! मुहूर्त काढताय काय?"

मी होतं ते सांगितलं - याच्यात घावाआधी आवाज येतो. सगळं आवार हसलं.

"अण्णांचा कान म्हणजे मेलगाडी हो, वेळेच्या आधीच येते!" वामन म्हणाला. माझाच विद्यार्थी!

पास्कूबाबा मात्र हसले नाहीत. "भावावर जळतंस तू," एवढंच म्हणाले, आणि गर्डर घेतला.

बाहेर रस्त्यावर मी वामनची वाट अडवली. "मान का ओढलीस?"

त्याने मागेपुढे पाहिलं. "आला होता आवाज, अण्णा. तुमची हातोडी खांद्याशी होती तेव्हाच."

"मग तिथे दातखीळ बसली होती?"

"तुम्ही बोललात ना खरं? काय मिळालं?"

ते घर आज ताठ उभं आहे. छताला साधी भेगही नाही. रेल्वेतल्या एका जाणत्या इंजिनियराला मी विचारलं, तो म्हणाला असं होणंच शक्य नाही. वामन तर आता म्हणतो, अण्णा, मी असं कधी बोललोच नाही. लोकांचं म्हणणं, मत्सराने माझा कान वाजला. जळतो मी, कबूल! पण जळणाऱ्याला न घातलेला घाव ऐकू येतो, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते कुणीतरी दाखवावं.

ते लोखंड आधी का वाजलं, मला आजवर कळलेलं नाही. न कळता मेलो तरी चालेल. पण आवाज दोघांनी ऐकला, आणि घरोघर कान बिघडलेला म्हणून नाव माझं एकट्याचं घेतात.