सुंदरा मधल्या सीटवर बसली

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत गाडी असलेलं घर एकच, आणि ते नेमकं माझ्या दारासमोर. सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन हेमराजभाऊंच्या पांढऱ्या अर्टिगाचं. माझा किसन पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात आहे. संध्याकाळी घरी येतो तो कोपरापर्यंत कधी निळा, कधी जांभळा. तेव्हा समोरच्या गाडीकडे बघून मी जळते. गल्लीतल्या सगळ्याच बायका जळतात, मी तोंडानं बोलून दाखवते एवढंच.

पण गंमत अशी की त्या गाडीवर माझ्याहून जास्त जळणारी बाई त्याच घरात राहते. ती म्हणजे सुंदरा, हेमराजभाऊंची बायको.

आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसून साड्यांना खडे चिकटवतो. कापड मार्केटमधून गठ्ठा येतो, आम्ही डिंकाचा ठिपका देतो, त्यावर खडा ठेवतो. सुंदराच्या मांडीशेजारी कायम एक फोन असतो. तो गाडीच्या बुकिंगचा फोन. हेमराजभाऊ गाडी चालवतात, बोलण्याचं काम हिच्याकडे. एरवी लग्नाची भाडी, दवाखान्याची भाडी, गावची भाडी. पण थंडीच्या दिवसांत मुंबईहून हजीऱ्याच्या बंदराला मोठं जहाज येतं, त्यातले लोक सकाळी उतरतात, सुरत बघतात आणि संध्याकाळी परत जहाजावर चढतात. ज्यांना जहाजाच्या बसमध्ये चाळीस जणांबरोबर फिरायचं नसतं, त्यांना अडाजणचा एक एजंट हेमराजभाऊंचा नंबर देतो. मग सुंदराचा फोन वाजतो.

तो वाजला की सुंदराचा आवाज बदलतो. माझ्याशी अहिराणीत भांडणारी ही बाई एकदम रेडिओवरची होते. ‘हां जी मॅडम, बोलिए.’ मग विचारपूस. माणसं किती? कोणाचे गुडघे दुखतात का? तिखट चालतं का? जहाजावर परत किती वाजता बोलावलंय? आणि मग अख्खा दिवस ती तोंडपाठ मांडते. बाजार आधी करा मॅडम, शेवटी ठेवला तर साड्या बघताना घड्याळ विसरायला होतं. मग गोपी तलाव. मग लोचो खा, वाफवलेल्या डाळीचा गरम सुरती नाश्ता, जास्तीचं लोणी सांगा. किल्ला शेवटी, कारण तिथून पूल ओलांडला की हजीऱ्याचा रस्ता सरळ आहे. आणि एक लक्षात ठेवा मॅडम, जहाजाची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, आपल्या गाडीसाठी थांबत नाही. म्हणून आपण तासभर आधीच निघायचं. काळजी करू नका. किल्ला फार छान आहे.

किल्ला फार छान आहे, हे तिला कसं माहीत? माहीत नाहीच. लग्न होऊन सुरतेला आल्यापासून तिनं लिंबायत पाहिलं, मार्केट पाहिलं आणि सरकारी दवाखाना पाहिला. अर्टिगात ती बसली ती गावी लग्नाला जाताना, तेही सगळ्यात मागच्या सीटवर, पिशव्या आणि पोरांच्या मध्ये, मान वाकडी करून. मधल्या सीटवर सासू आणि नणंदा. मधली सीट, तीही डाव्या खिडकीची, ही पॅसेंजरची जागा. तिच्यावरचं पांढरं कव्हर सुंदरा निळीत बुडवून धुते. तिथली उशी सुंदरानं शिवलेली. दाराच्या खणात बडीशेपेची डबी असते, तीही सुंदराच भरते. बसतं मात्र दुसरंच कोणी.

तरी ती गप्प होती. ठिणगी पडली ती एका फोटोनं. गेल्या खेपेच्या कोणी बाईंनी जाताना आभार मानून चार फोटो पाठवले होते. सुंदरानं फोन माझ्या नाकाशी धरला.

“हाऊ हात देख,” म्हणाली.

मी आधी त्या बाईचा गॉगल बघितला, मग टोपी. कुठल्या मुलखाची होती देव जाणे, पण टोपी माझ्या सुपाएवढी. ती गाडीतून उतरत होती. हेमराजभाऊंनी एका हातानं दार धरलं होतं, आणि दुसरा हात दाराच्या वरच्या कडेखाली, तळवा बाईच्या डोक्याकडे. उतरताना तिचं डोकं आपटू नये म्हणून.

“इतली वरीस व्हई गयात,” सुंदरा म्हणाली, “मनं डोकं कोठे कोठे आपटनं, त्यास्ले म्हाईत बी नई.”

त्या दिवसापासून ती धुमसायला लागली. पॅसेंजरचा फोन आला की रेडिओचा आवाज तोच गोड, पण फोन ठेवला की खडे असे दाबायची की डिंक बाजूनं बाहेर. उशीचं कव्हर धुताना तिनं ते इतकं पिळलं की शिवण उसवली. हेमराजभाऊंना काही कळलं नाही. नवऱ्यांना कळत नाही, त्यात नवल काही नाही. मला मात्र आतून बरं वाटत होतं, हे लपवत नाही. गाडीवालीलाही दुःख असतं, हे बघून माझी भाकरी जरा गोड लागत होती.

मग जानेवारीतली ती सकाळ आली. पुण्याच्या स्वाती मॅडम आणि त्यांच्या सासूबाई येणार होत्या. मॅडमनी आठवडाभर फोन करकरून सुंदराचं डोकं खाल्लं होतं. सासूबाईंच्या गुडघ्यांपासून त्यांच्या चहातल्या साखरेपर्यंत सगळं ठरलं होतं. हेमराजभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून गाडीची काच पुसत होते. तेवढ्यात एजंटचा फोन. वारा फार आहे, जहाज धक्क्याला लागत नाही, आज कोणी उतरणार नाही.

हेमराजभाऊंनी तोंड वाकडं केलं आणि सीटचं कव्हर काढायला हात घातला.

“राहू द्या,” सुंदरा म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती वांगी रंगाची लग्नातली साडी नेसून, हातात पर्स.

“कोठे?” हेमराजभाऊ.

“किल्ला देखाले. आज मी पॅसेंजर शे.”

“तुनं डोकं फिरनं का, संदीपनी माय?”

ती गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. गल्लीतली दारं एकेक करून उघडायला लागली, तसे हेमराजभाऊ घाईला आले. बायकोशी रस्त्यात वाद घालणं त्यांना जमत नाही. खालच्या आवाजात म्हणाले, “बरं, फिराई आणसू. पण गल्लीमा दार-बीर उघडाले सांगू नको. लोके हासतीन. येतावखत कोपरावर उतरी जाय.”

सुंदरानं स्वतःच दार उघडलं, चपला काढून हातात घेतल्या आणि मधल्या सीटवर, डाव्या खिडकीशी बसली. गाडी निघाली. मागची अख्खी सीट रिकामी होती, पण तिनं मला ‘येतेस का’ म्हणून विचारलं नाही. मी नाहीच म्हटलं असतं, पण विचारायचं तरी.

पुढचं सगळं तिनं मला साड्यांवर खडे लावता लावता सांगितलं आहे, इतक्या वेळा की मीच गेले होते असं वाटतं.

गोपी तलावाशी गाडी थांबली. सुंदरा बसून राहिली. हेमराजभाऊ पुढून म्हणाले, “उतर ना.” ती दाराकडे बघत राहिली. त्यांनी आरशातून बघितलं, हसले, आणि फोनमध्ये तोंड घातलं. शेवटी ती स्वतःच उतरली. मागच्या सीटवरून वाकून उतरायची सवय, मधल्या सीटचा अंदाज नाही, डोकं कडेवर खाडकन आपटलं. हेमराजभाऊ आणखी हसले.

तलाव तिला दिसलाच नाही. पाण्याकडे बघताना तिला सुपाएवढ्या टोपीवाली दिसत होती. ही इथंच उभी राहिली असेल. हिला त्यांनी इथूनच फोटो काढून दिला असेल. लोचोच्या दुकानात पोऱ्यानं न विचारता लोणी जास्त घातलं आणि हेमराजभाऊंना म्हणाला, “भाई, आज मॅडम अकेले?” म्हणजे इथं रोज कोणी ना कोणी मॅडम असते, आणि तिला जास्तीचं लोणी मिळतं. सुंदरानं लोचो अर्धा टाकला. मला हे सांगताना ती म्हणाली, इतका चांगला लोचो आयुष्यात खाल्ला नव्हता. तरी टाकला. मी असते तर लोचो संपवून मग जळले असते.

तिथून किल्ल्याकडे, चौकाच्या रस्त्याला लागले आणि पर्समधला फोन वाजला. पडद्यावर स्वाती मॅडमचं नाव. सुंदरानं फोन मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

“उचल ना!”

“पॅसेंजर फोन उचलस का?”

वाजून वाजून फोन थांबला, पुन्हा वाजला. हेमराजभाऊंनी गाडी कडेला घेतली, मागे हात करून फोन घेतला. त्या फोनची त्यांना सवय नाही. काय दाबलं कोण जाणे, मॅडमचा आवाज गाडीभर घुमायला लागला.

“अहो, वारा पडला, जहाज लागलं! आम्ही गेटवर उभ्या आहोत. गाडी कुठे आहे? आणि त्या बाई कुठे आहेत, ज्या बोलतात? त्यांना द्या.”

“मी... मी बोलतो ना मॅडम. हेमराज.”

“बरं, मग सांगा, सासूबाईंना किल्ल्यात खुर्ची मिळेल ना? त्या बाई म्हणाल्या होत्या. आणि आता वेळ कमी आहे, तर बाजार गाळायचा की तलाव?”

हेमराजभाऊंनी आरशातून बायकोकडे बघितलं. बायको खिडकीतून एका रिक्षाकडे बघत होती. “खुर्ची... म्हणजे बघू मॅडम... तलाव...” इतकी वर्षं गाडी चालवून त्यांना त्या दिवशी कळलं की गाडीचा अर्धा धंदा ओट्यावरून चालतो.

“तुम्ही आत्ता आहात कुठे?” मॅडम चिडल्या. “गाडीत कोणी बसलंय का? असेल तर उतरवा ना त्यांना कुठेतरी, रिक्षा करून जातील! मी वरचे पैसे देते. आम्ही उन्हात उभ्या आहोत.”

हेमराजभाऊंनी पुन्हा आरशात बघितलं. आता सुंदरा खिडकीबाहेर बघत नव्हती. ती खाली वाकून चपला घालत होती. पर्स खांद्याला लावली होती. ‘उतर’ असं कोणी म्हणायच्या आधीच ती उतरायला तयार झाली होती. मला हे सांगताना ती इथं नेहमी थांबते आणि बोटांवरचा वाळलेला डिंक खरवडते. तिच्या मनात आलं होतं, पैसेवाली गेटवर उभी आहे, आता मला कोण बसू देतंय.

“नाही जमणार मॅडम,” हेमराजभाऊ म्हणाले. “गाडी आज बुक आहे.”

“कोणाची? आमचंच बुकिंग होतं!”

“जहाज येणार नाही असा निरोप होता. मग दुसरं बुकिंग घेतलं.” आणि मग जरा अडखळून, “सुंदरा मॅडमचं.”

लग्नापासून त्या माणसानं बायकोचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आधी ‘अगं’ आणि पोरगं झाल्यावर ‘संदीपनी माय’. पहिल्यांदा घेतलं ते पुण्याच्या बाईसमोर, तेही मॅडम लावून.

मागून सुंदरा हळूच म्हणाली, “जहाजनी बसमा बसाले सांगा. पुढलं सीट मांगा म्हना, सासूना गुडघा दुखतस.” हेमराजभाऊंनी ते मराठीत करून सांगितलं आणि फोन बंद केला. सुंदरानं चपला पुन्हा काढल्या.

मी तिला विचारलं, त्या दोघी उन्हात राहिल्या याचं वाईट नाही का वाटलं? “थोडंसं वाटनं,” म्हणाली. मग खडा दाबत म्हणाली, “थोडंसंच.”

किल्ल्यात तिला किल्ला दिसला. भिंती, तोफा, खाली तापी, सगळं. टोपीवाली तिथं आली नाही. किल्ला खरंच छान आहे, असं ती आता फोनवर सांगते तेव्हा आवाज रेडिओचा नसतो.

शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलं. संध्याकाळची वेळ, अख्खी गल्ली ओट्यांवर. किसन नुकताच आलेला, आत हात धूत होता. गाडी कोपऱ्यावर थांबली. ठरल्याप्रमाणे सुंदरा तिथंच उतरणार होती. मी बघत होते, ती दाराशी खटपट करत होती, पण दार उघडत नव्हतं. हेमराजभाऊंनी पुढून लॉक केलं होतं. गाडी पुन्हा हलली आणि सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत सरळ आमच्या दारापर्यंत आली.

हेमराजभाऊ उतरले. गाडीला वळसा घालून डावीकडे आले. दार उघडलं, आणि दुसरा हात वर दाराच्या कडेखाली धरला.

कोणीतरी शिट्टी मारली. शेजारची धुरपदाबाई ओरडली, “काय रे हेमराज, सासू उनी का तुनी?” सासू आल्याच्या त्या टोमण्यावर सगळी गल्ली हसली. हेमराजभाऊंचे कान लाल झाले, पण हात हलला नाही.

आणि ती बया? तिला कसली घाई? तिनं आधी पर्स घेतली. मग एक चप्पल घातली, मग दुसरी. निऱ्या सारख्या केल्या. बडीशेपेची डबी उघडली, चिमूटभर तोंडात टाकली, डबी बंद केली. मग उतरली, मान ताठ ठेवून. डोकं त्या तळव्याला लागलं, मुद्दाम लावलं असणार. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी आत आले. दार जरा जोरात लागलं असावं, कारण किसननं मोरीतून मान वर केली. त्याचे हात अजून निळेच होते.

“काय व्हयनं बाहेर?”

“काही नई,” मी म्हटलं. “हेमराजभाऊनी पॅसेंजर उतरनी.”